व्हॉट्सॲपचे फोटो: नावातली तारीख फाइलला कशी लावायची?

नेरूळकर
सोसायटीच्या गणपतीचे २०१९ पासूनचे साधारण ४,००० फोटो वर्षवार लावायचे आहेत. केबलने विंडोजच्या लॅपटॉपवर ओढले, तर सगळ्यांवर कॉपी केल्याची तारीख पडली. नावं शाबूत आहेत: बहुतेक ‘आयएमजी-२०१९०९१२-डब्ल्यूए००३४’ अशी, थोडी ‘पीएक्सएल_२०२३०९२८_१९४००५…’ अशी. सगळ्यांना एकदम तारीख लागेल का?

तलावपाळी
पॉवरशेल (विंडोजमध्ये कमांड लिहून चालवायची सोय) पुरेसं आहे. आधी अख्ख्या फोल्डरची दुसरी प्रत काढा, कारण इथे अनडू नाही.

गेट-चाइल्डआयटमला (फाइलींची यादी देणारी कमांड) रिकर्स आणि फाइल हे दोन पर्याय द्या, फिल्टरमध्ये ‘आयएमजी-’ आणि पुढे तारा. प्रत्येक नावातून २० ने सुरू होणारे सलग आठ आकडे रेजेक्सने (मजकुरातला नमुना शोधायची पद्धत) उचला, आकड्यांची तारीख बनवणाऱ्या डेटटाइमच्या पार्सएक्झॅक्टला द्या (साचा: वर्षाचे चार वाय, महिन्याचे दोन एम, दिवसाचे दोन डी) आणि उत्तर लास्टराइटटाइममध्ये (फाइल बदलल्याची तारीख) टाका. क्रिएशनटाइममध्येही (फाइल तयार झाल्याची तारीख) तेच.

या नावांत वेळ नसते, म्हणून नुसती तारीख दिली की रात्रीचे १२ पडतात. तसं ठेवू नका. पुढे एखाद्या प्रोग्रॅमने ती वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळ, भारताच्या साडेपाच तास मागे) बदलली की फोटो आदल्या दिवशी जाऊन बसतो. ॲडअवर्सने १२ तास मिळवा, वर डब्ल्यूएनंतरचा आकडा सेकंद म्हणून. डब्ल्यूए००३४ ला १२:००:३४ मिळेल आणि फोटोंचा क्रमही टिकेल. ९९९९ आला तरी तीनच्या आतच, दिवस बदलत नाही.

एक लक्षात ठेवा, ही तारीख फोटो व्हॉट्सॲपवर आल्याची, काढल्याची नव्हे. विसर्जनाचे फोटो कुणी चार दिवसांनी टाकले असतील तर ते हातानेच हलवावे लागतील.

घणसोली_७
पीएक्सएलवाले (पिक्सेल फोनच्या कॅमेऱ्याचे) याच स्क्रिप्टमध्ये घालू नका. त्या नावातली वेळ यूटीसी असते, साडेपाच तास मिळवायला हवेत. तुमचंच उदाहरण: २८ सप्टेंबर २०२३ ला अनंत चतुर्दशी. १९४००५ म्हणजे भारतात रात्रीचे १:१०, तारीख २९. मिरवणुकीचे मध्यरात्रीनंतरचे सगळे फोटो असे असणार. त्यातही हे फोटो थेट फोनमधून आले असतील तर खरी वेळ एक्झिफमध्ये (फोटोच्या फाइलमध्येच कॅमेऱ्याने लिहिलेली माहिती) असते. मग नावाकडे बघायचंच कशाला?

कोपरी पूर्व
पुढे गूगल फोटोजवर चढवायचे असतील तर नुसत्या फाइलच्या तारखेवर विसंबू नका, एक्झिफमध्येही लिहा. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना एक्झिफ काढून टाकतं. एक्झिफटूल (एक्झिफ वाचायचा-लिहायचा प्रोग्रॅम) फाइलनेममधून तारीख उचलतं, पण डब्ल्यूएनंतरचे आकडेही वेळ समजून घेतं, म्हणून आठच आकडे काढून द्या. डेटटाइमओरिजिनल (एक्झिफमधली फोटो काढल्याची तारीख) रिकामं असेल तरच लिही, अशी अटही घाला. नाहीतर कॅमेऱ्याच्या खऱ्या तारखा पुसल्या जातील.

क्रम महत्त्वाचा: आधी एक्झिफ, मग पॉवरशेल. उलट केलंत तर एक्झिफ लिहिताना फाइलवर पुन्हा आजची तारीख येते. प्रत्येक फाइलमागे ‘ओरिजिनल’ शेपटीची जुनी प्रतही उरते, तेव्हा डिस्कवर दुप्पट जागा ठेवा. फोल्डरचं नाव ‘गणपती २०१९’ असं देवनागरीत असेल तर विंडोजवर एक्झिफटूल ‘फाइल नॉट फाउंड’ म्हणू शकतं. काम होईपर्यंत रोमन नाव द्या.

नेरूळकर
दहा फाइलींवर करून पाहिलं. सगळ्या जानेवारीत गेल्या! डब्ल्यूए००३४ वर १२ जानेवारी २०१९, १२:०९:३४ दिसतंय.

तलावपाळी
साच्यातला एम छोट्या लिपीत पडलाय. छोटा एम म्हणजे मिनिटं, महिन्याला कॅपिटल लागतो. वाय आणि डी छोटेच. तुमचा सप्टेंबर त्या ०९ मिनिटांत जाऊन बसलाय. साचा सुधारून त्याच दहांवर परत चालवा. नावं बदललेली नाहीत, तेव्हा काही बिघडलेलं नाही.