पळसाचा केशरी रंग फोटोत पिवळट का येतो? (भंडारा-गोंदिया, मार्च)

धानपट्टा:
नमस्कार मंडळी. साकोली ते नवेगावबांध पट्ट्यात पळस ऐन बहरात आहे. कॅमेरा क्रॉप (लहान) सेन्सरचा, लेन्स १८-५५ आणि ५५-२५०, सोबत एक सीपीएल (चमक कापणारा, आभाळ गडद करणारा) फिल्टर. डोळ्यांना लालभडक दिसणारी फुलं फोटोत पिवळट आणि सपाट येतात, पाकळी वेगळी कळत नाही. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर शून्यावर (म्हणजे उजेड बरोबर) असतो तरीही. आभाळ तर पांढरं फटक. पुढच्या महिन्यात लोणारलाही जायचं आहे, तिथे १८ एमएममध्ये सरोवर मावतं का? जमल्यास आठवडी बाजाराबद्दलही सांगा.

रानवाट:
भाऊ, फुलं पिवळी पडतात ती लाल चॅनल क्लिप झाल्यामुळे, म्हणजे लाल रंगाची नोंद कमाल मर्यादेला अडकल्यामुळे. पळसाच्या पाकळीत लाल सगळ्यात जास्त, हिरवा बराच खाली, निळा जवळजवळ नाहीच. मीटर एकूण उजेडाची सरासरी काढतो, त्याला सगळं ठीक वाटतं, आणि तोवर लाल वरच्या टोकाला जाऊन अडकलेला असतो. पुढे एक्स्पोजर (फोटोला मिळणारा उजेड) वाढेल तसा फक्त हिरवा चढत जातो. लाल आणि हिरवा मिळून पिवळा होतो, तोच तुम्हाला दिसतोय.

म्हणून एकत्र हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) न बघता तिन्ही रंग वेगळे दाखवणारा लावा. लालची टेकडी उजव्या कडेला चिकटता कामा नये. एक्स्पोजर साधारण उणे ०.७ ते उणे १.३ स्टॉप लागतं (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). फोटो रॉमध्ये (कच्च्या फाइलीत) घ्या, पण पिक्चर स्टाइलही (कॅमेऱ्यातली रंगांची ठेवण) न्यूट्रल ठेवा, कारण कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम जेपेगवरून बनतो आणि व्हिव्हिडवर लाल आधीच फुटलेला दाखवतो. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणूनची सेटिंग) ऑटोवर नको. फ्रेमभर केशरी असलं की ऑटो त्यात निळा मिसळतो आणि रंग मरतो. डेलाइट किंवा ५२००-५५०० केल्व्हिन पक्कं करा.

आता उजेडाचं. पाकळीच्या बाहेरच्या अंगाला बारीक रेशमी लव असते. दुपारच्या उन्हात ती चमकते आणि रंग धुतल्यासारखा होतो. सकाळी सूर्य फुलाच्या मागे घ्या. पाकळीतून उजेड आरपार येतो आणि देठा-कळ्यांचा काळपट मखमली रंग मधे ठसठशीत दिसतो. २५० एमएमला एफ/५.६ आणि किमान १/५०० सेकंदाचा शटर, कारण पानं झडलेली फांदी हलक्या वाऱ्यातही झुलते. फुलातल्या रसासाठी मैना आणि कोतवाल याच वेळी शेंड्यावर येतात.

पांढरं आभाळ मात्र फिल्टरने निळं होणार नाही. या दिवसांत मोह वेचायला झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, तो धूर आणि रस्त्याची धूळ हवेत तरंगत असते. सीपीएलचा आभाळावरचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर सगळ्यात जास्त, सूर्याच्या बाजूला जवळपास शून्य. त्यापेक्षा आभाळच फ्रेमबाहेर ठेवा. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर चढा आणि खाली बघा. तलावाखालच्या बांध्यांत उन्हाळी धान असेल तर त्या हिरव्यावर बांधावरचा पळस जसा उठतो, तसा कुठल्याच आभाळावर उठत नाही. नऊनंतर मात्र लांबचे फोटो सोडून द्या. तापलेल्या जमिनीवरची हवा लहरते, झाडाच्या कडा विरघळतात आणि ते कुठल्याही सॉफ्टवेअरने सुधारत नाही.

धानपट्टा:
स्टाइल व्हिव्हिडवरच होती. उद्याच बदलतो. लोणारला सीपीएल न्यावा का?

काळापाषाण:
लोणारला पॅनोरमा करणार असाल तर सीपीएल काढूनच ठेवा. रुंद फ्रेममध्ये आभाळाचा एक पट्टा गडद आणि बाकीचं फिकं येतं, जोडल्यावर ते डाग डोळ्यात खुपतात.

सरोवर ज्या विवरात आहे त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि काठापासून खोली साधारण १३७ मीटर. काठावर उभं राहिलं की विवर डावीकडून उजवीकडे जवळजवळ १८० अंश पसरतं. तुमची १८ एमएम आडवी सुमारे ६५ अंश बघते, म्हणजे एका फ्रेममध्ये मावणार नाही. कॅमेरा उभा धरा. उभ्या फ्रेमची रुंदी सुमारे ४५ अंश. एकतृतीयांश भाग एकमेकांवर येईल असे सहा फोटो घ्या. एक्स्पोजर मॅन्युअल, फोकस मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स पक्का, एफ/८. सगळ्यात उजळ भागावर एक्स्पोजर ठरवा आणि मग हात लावू नका. लांबचं दृश्य हातात धरूनही नीट जुळतं, फक्त दोन-तीन मीटरवरचं झुडूप फ्रेममध्ये आलं तर ते जोडताना फाटतं.

सूर्योदयाला पूर्वेच्या काठावर गेलात तर त्याच काठाची सावली पाण्यावर पडलेली असते. तास-दीड तास थांबा. हे अभयारण्य आहे, ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका.

बाजारहाट:
बाजाराबद्दल एकच सांगते, पालांची निळी ताडपत्री. तिच्याखाली माणसाचा चेहरा निळसर येतो आणि टमाटे, मोहफुलं मळकट दिसतात. ताडपत्रीखालीच पांढरा कागद धरून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या, पण मग बाहेरचा उन्हाचा पट्टा केशरी होईल, तो फ्रेममध्ये घेऊ नका. चेहऱ्याचा फोटो हवा असेल तर दुकानदार पालाच्या कडेला, उघड्या आभाळाकडे तोंड करून बसलेला शोधा. आधी विचारा, लाखोळी (एक कडधान्य) किंवा मोह थोडा विकत घ्या, आणि गिऱ्हाईक समोर असताना कॅमेरा खालीच ठेवा.