हिरवी रेघ आली, उत्तर नाही आलं. ग्रुपवर एवढं भांडतात का हो?

फॉल_पिको_इचलकरंजी
नमस्कार मंडळी. साड्यांना फॉल-पिको करायचं माझं काम आहे, जोडीला व्हॉट्सॲप स्टेटसवर साड्या विकते. म्हणजे फोन हेच दुकान. दिवाळीच्या तोंडावर रात्री फोन अपडेटला लावून झोपले, सकाळी बघते तर पडद्याच्या उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत हिरवी रेघ. फोन पडला नाही, भिजला नाही. घेऊन दीड वर्ष झालंय, वॉरंटी संपली.

माझ्या फोनच्या कंपनीचे फोन वापरणाऱ्यांचा मोठा ग्रुप आहे, तिथं विचारलं. पहिलंच उत्तर, "पाडला असणार." दुसऱ्यानं स्क्रीनशॉट मागितला. काढून टाकला, तर स्क्रीनशॉटमध्ये रेघच नाही! झालं, मी खोटारडी ठरले. मग ह्यांच्या फोननं माझ्या फोनचा फोटो काढून टाकला. ह्यांचा फोन दुसऱ्या कंपनीचा, आणि फोटोच्या कोपऱ्यात तिचं नाव आपोआप छापून येतं हे माझ्या ध्यानातच नव्हतं. मग काय विचारता! "बघा, पैसे घेऊन बदनामी करायला आलीय." ते वाचून त्या दुसऱ्या कंपनीवाले धावून आले, मागोमाग आयफोनवाले. कुणाची बॅटरी, कुणाचा कॅमेरा, करत करत कोण देशद्रोही इथपर्यंत गाडी गेली. दोनशेच्या वर कमेंट, त्यात रेघेबद्दल चारसुद्धा नाहीत.

रेघ कशानं येते, काय करायचं, सांगा की कुणीतरी. आणि कंपनी ह्या भांडणाऱ्यांना पगार देते का? नसेल तर एवढं अंगाला का लावून घेतात? कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की इथंही तेच सुरू होईल.

कराडचा_दुकानदार
ताई, अठरा वर्षं मोबाइल दुरुस्तीत आहे. स्क्रीनशॉट फोनच्या आतून निघतो, पडदा काय दाखवतोय ते त्याला कळत नाही. त्यात रेघ दिसली नाही म्हणजे बिघाड डिस्प्लेतच आहे. तो तर तुमच्याच बाजूचा पुरावा होता!

ॲमोलेड पडद्याच्या, म्हणजे ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो त्याच्या, कडेला एक पातळ पट्टी जोडलेली असते, आम्ही तिला फ्लेक्स म्हणतो. तिथला सांधा बिघडला की त्या उभ्या रांगेतले हिरवे ठिपके पेटलेलेच राहतात. अपडेट होताना फोन तापतो, कच्चा सांधा तेव्हा दगा देतो असं माझं मत. पण अपडेटनंच झालं असं छातीठोकपणे नाही सांगणार. ह्याला दुरुस्ती नाही, अख्खा फोल्डर, म्हणजे काचेसकट पडदा, बदलावा लागतो.

पैसे लगेच भरू नका, आणि फोन बाहेर उघडू नका, माझ्या दुकानातसुद्धा नाही. ह्याच रेघेसाठी काही कंपन्यांनी भारतात ठरावीक मॉडेलना वॉरंटीनंतरही डिस्प्ले फुकट बदलून दिलेत. बिल शोधा, *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, लिहून घ्या आणि सर्व्हिस सेंटरमधून जॉब शीट, म्हणजे तक्रारीची लेखी नोंद, घेतल्याशिवाय हलू नका. तोंडी "नाही"ला किंमत नसते. तरी नाही ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन, १९१५.

भांडणाचं म्हणाल तर, आयफोन टेनचा पडदा २०१७ साली सॅमसंगनं बनवून दिला होता. कॅमेऱ्याचे सेन्सर कितीतरी कंपन्या सोनीकडून घेतात. बाहेर मालक एकमेकांच्या उरावर, आत पार्ट सुखानं नांदतायत. ज्याचे हप्ते अजून चालू असतात तो सगळ्यात मोठ्यानं भांडतो, हा आपला काउंटरवरचा अनुभव.

बंद_पडलेला_सिंबियन
हप्त्यांचं पटलं. मी पूर्वी त्यातलाच होतो. २०१० मध्ये पाच महिने पैसे साठवून नोकिया एन-८ घेतला. १२ मेगापिक्सेल, झेनॉन फ्लॅश! मामेभावानं अँड्रॉइड घेतला म्हणून त्याच्याशी दोन महिने धड बोललो नाही. कुणी "हँग होतो रे" म्हटलं की वाटायचं, हा फोनला नाही, माझ्या अकलेला नावं ठेवतोय. आणि फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियानंच जाहीर केलं की माझ्या फोनातली सिंबियन सिस्टिम सोडून आता विंडोज फोन. मी इकडे खिंड लढवतोय आणि तिकडे राजांनीच गड विकायला काढला.

२०२० च्या ऑक्टोबरात आयफोन १२ च्या खोक्यातून चार्जर गेला, तेव्हा सॅमसंगनं टिंगल केली होती. आमच्या ऑफिसातले दोघे आठवडाभर तेवढंच बोलत होते. जानेवारीत एस-२१ आला, त्यातही चार्जर नाही. तेच दोघे म्हणाले, "घरात पडलेत की चार-पाच."

एकच_ब्रँड_९९
ताईंनी मॉडेल सांगितलं नाही यातच सगळं आलं. माझा फोन चार वर्षांचा आहे, एक रेघ नाही. लोकल चार्जर वापरला असणार.

कराडचा_दुकानदार
दादा, कंपनी कुठली तेच माहीत नाही, मग तुम्ही कुणाच्या बाजूनं भांडताय?

फॉल_पिको_इचलकरंजी
दुकानदार दादा, तुमचे उपकार. सर्व्हिस सेंटरनं आधी ९,२०० सांगितले. जॉब शीट मागितली तर म्हणे सिस्टिम बंद आहे. बाकावर बसून राहिले, तासाभरात सिस्टिम चालू झाली. १९१५ वर तक्रार नोंदवली. आठव्या दिवशी त्यांचाच फोन, डिस्प्ले फुकट, मजुरीचे ६०० भरा. भरले. अजून ताणता आलं असतं, पण लग्नसराईचा माल यायचाय आणि रेघेतून मोरपंखी कुठला नि पोपटी कुठला ते मला कळत नव्हतं.

पुढच्याला उपयोग होईल म्हणून त्या ग्रुपवरही हे लिहिलं. पहिली कमेंट, "म्हटलं नव्हतं, आपली कंपनीच भारी!" दुसरी, "६०० घेतलेच ना, लुटारू." रात्री बघितलं तर पुन्हा दीडशेच्या घरात.

नव्या पडद्याचा फोटो इथं टाकतेय. ह्यांच्याच फोननं काढलाय, कोपऱ्यातलं नाव बंद करून.