खारघरला घर घ्यायचंय, कुठला सेक्टर बघू?

दादरची_चिऊ:
नमस्कार मंडळी. आम्ही दोघं, सहावीतली लेक आणि सासूबाई. दादरचं भाड्याचं घर सोडायचं आहे. माझं ऑफिस फोर्टला, नवऱ्याचं ठाण्याला. आमच्या बजेटमध्ये टू बीएचके नवी मुंबईतल्या खारघरला बसतंय. सासूबाईंना दमा आहे आणि संध्याकाळी पायी फिरल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. एजंट सांगतो की सगळे सेक्टर सारखेच. तिथे राहणाऱ्यांनी सांगा, हे कितपत खरं?

डोंगरपायथा:
अजिबात सारखे नाहीत. खारघर म्हणून घर बघू नका, सेक्टर बघा. स्टेशन एका टोकाला आहे आणि वस्ती तिथून आत पार तळोज्यापर्यंत पसरली आहे. तुमचं अर्धं आयुष्य प्रवासात जाणार, म्हणून आधी त्याचं बोलू.

नवऱ्याचं सोपं आहे. पनवेल-ठाणे लोकल खारघरला थांबते, गाडी बदलायची गरज नाही. तुम्हाला हार्बरने थेट सीएसएमटी. मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली, बेलापूर ते पेंधर, ११ स्टेशनं. पण ती खारघर रेल्वे स्टेशनला लागत नाही, हे घर बघायला येणाऱ्या बऱ्याच जणांना माहीतच नसतं. मेट्रोने बेलापूरला जायचं आणि तिथून लोकल पकडायची. याचा फायदाही आहे, बेलापूरहून सुटणाऱ्या सीएसएमटी गाड्या आहेत, त्यात बसायला जागा मिळते. सकाळी एवढा लांबचा प्रवास उभ्याने करणं आणि बसून करणं यात फार फरक पडतो. त्यामुळे उत्सव चौक किंवा सेंट्रल पार्क मेट्रो स्टेशनपासून चालत जाता येईल असं घर बघा, असं माझं स्पष्ट मत.

आता हवा. तळोजा एमआयडीसीत रासायनिक कारखाने आहेत. रात्री आणि पहाटे, थंडीत जास्त, उग्र वास येतो. ३४, ३५, ३६ हे सेक्टर त्या बाजूला जवळ पडतात. घरात दम्याचं माणूस आहे, तेव्हा स्वस्त मिळतंय म्हणून तिकडे जाऊ नका. एजंट घर दाखवतो दुपारी, तेव्हा काही कळत नाही. रात्री अकरानंतर जाऊन त्या इमारतीखाली उभ्या राहा आणि वॉचमनला विचारा.

बारा_नंबरवाली:
सेक्टर १२ मध्ये राहते. भाजी, दवाखाना, गिरणी, सगळं चालत. सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीच्या) जुन्या बैठ्या-बुटक्या वसाहतींच्या भागात जशी जाग असते तशी टॉवरच्या भागात नाही, सासूबाईंना बोलायला चार माणसं मिळतील. पण या जुन्या इमारतींना बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नाही. दम्याला तिसरा मजला नको, तळमजला किंवा पहिलाच बघ.

फिरायला सेंट्रल पार्क आहेच. मोठं आहे, मागे डोंगर, पावसाळ्यात त्यावरून उतरणारं पाणी लांबून दिसतं. लेकीला पांडवकड्याच्या धबधब्याचं आकर्षण वाटेल, पण तिथे अनेक जण बुडालेत आणि पावसाळ्यात वनखातं बंदी घालतं. आधीच सांगून ठेव.

पस्तीसकर:
डोंगरपायथा, वासाचं खरं आहे, नाकारत नाही. तरी आमच्या सेक्टरला सरसकट वाईट म्हणू नका. इथे रस्ते रुंद आहेत, त्याच पैशात खोल्या मोठ्या मिळतात, पेठपाडा मेट्रो जवळ आहे. मी इथे समाधानाने राहतोय. दम्याचं म्हणाल तर या कुटुंबाला मीही नकोच म्हणेन.

नळ_आणि_कर:
कागद बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. जमीन सिडकोची भाडेपट्ट्यावरची असते, रीसेल घेताना सिडकोचं हस्तांतरण शुल्क कोण भरणार ते आधीच लिहून घ्या.

दुसरं, मालमत्ता कर. ऑक्टोबर २०१६ मध्ये पनवेल महापालिका झाली आणि खारघर तिच्यात गेलं. पालिकेने नंतर मागच्या वर्षांपासूनचा कर लावला. आम्ही त्याच काळात सिडकोला सेवाशुल्क भरत होतो, म्हणून लोकांनी विरोध केला, आणि अनेकांनी तो भरलाच नाही. त्या फ्लॅटची थकबाकी शून्य असल्याची पावती मागा, नाहीतर ती तुमच्या गळ्यात पडेल.

तिसरं, पाणी. हेटवणे धरणाचं येतं, पण उन्हाळ्यात दाब कमी होतो. सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटून मागच्या एप्रिल-मेचं टँकरचं बिल दाखवायला सांगा. तोंडी उत्तरावर जाऊ नका.

दादरची_चिऊ:
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री जाऊन बघायचं तर डोक्यातच आलं नव्हतं. आता उत्सव चौक ते सेंट्रल पार्क एवढाच पट्टा धरते. आधी भाड्याने राहून बघावं का? लेकीची शाळा मध्येच बदलावी लागेल म्हणून मन घट्ट होत नाहीये.

बारा_नंबरवाली:
भाड्याने राहूनच बघ. अकरा महिन्यांचा करार जूनला सुरू कर, म्हणजे शाळाही वर्षाच्या सुरुवातीलाच बदलेल. पावसाळ्यात भिंतींची ओल, थंडीत हवा, उन्हाळ्यात पाणी, तिन्ही कळेल. सेक्टर २० च्या पुढे बघणार असशील तर एक लक्षात घे, २२ मध्ये टाटाचं कॅन्सर केंद्र आहे. बाहेरगावच्या पेशंटची माणसं जवळपास खोल्या घेऊन राहतात, म्हणून त्या भागात भाड्याची घरं पटकन जातात. एप्रिलपासूनच शोधायला लाग.

डोंगरपायथा:
बारा_नंबरवालीला अनुमोदन. येण्याआधी विपू (विचारपूसमध्ये निरोप) करा, रात्रीच्या फेरीला मी आणि बायको सोबत येऊ.