स्टेबल म्हणजे शिळं? मग हे वाचाच

कर्नलकाका: लिनक्सबद्दल ‘रोलिंग सोडून बाकी सगळं शिळं सॉफ्टवेअर’ अशी पोस्ट वाचली, गप्प बसवेना. रोलिंग म्हणजे नव्या आवृत्त्या सतत येत राहणारं लिनक्स; स्टेबल म्हणजे जुन्या, तपासलेल्या आवृत्त्यांवर थांबलेलं. मार्च २०२४ आठवा. एक्सझेड या फाइल आक्रसणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये बॅकडोअर, म्हणजे चोरवाट, घुसवलं होतं. ते टंबलवीड या रोलिंग लिनक्समध्ये पोचलं, डेबियनच्या ‘सिड’ या कच्च्या, अनस्टेबल शाखेतही पोचलं. डेबियन स्टेबलवर एक्सझेडचं ५.४.१ होतं, तिथे धक्काही लागला नाही. शिळ्यानेच वाचवलं ना?

पॅकमनवाला: ती पोस्ट माझीच, आणि शब्द मागे घेत नाही. ते बॅकडोअर पकडणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला एसएसएच (दुसऱ्या मशीनवर दुरून शिरायची सोय) लॉगिन अर्धा सेकंद रेंगाळतंय हे खटकलं, ते सिडच्या मशीनवर. सगळे स्टेबलवर बसले असते तर पकडलं कोणी असतं? आणि २००८ विसरलात? डेबियनच्याच पॅचने (कोडमधल्या बदलाने) ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरने बनवलेल्या गुप्त कीज अंदाजाने ओळखता येण्याजोग्या झाल्याचं उघड झालं होतं. मूळ कोडमध्ये तो दोष नव्हताच. बॅकपोर्टची, म्हणजे नव्यातल्या दुरुस्त्या जुन्या आवृत्तीला लावण्याची, ठिगळं अशी महागात पडतात.

कर्नलकाका: तो पॅच बॅकपोर्ट नव्हता! २००६ मध्ये आधी अनस्टेबलमध्येच गेला होता. माहिती नसेल तर दाखले देऊ नका.

डेबवाली: तुमचं चालू द्या, पण खरा घात स्नॅपने, म्हणजे उबुंटूच्या आपोआप अपडेट होणाऱ्या पॅकेजांनी, केलाय. उबुंटू २०.०४ वर एपीटीने (डेबियन-उबुंटूची सॉफ्टवेअर बसवायची नेहमीची कमांड) क्रोमियम ब्राउझर मागा, हातात स्नॅप. एलटीएस (दीर्घकाळ सपोर्ट असलेली आवृत्ती) घ्यायचं कशाला, तर आपल्या परवानगीशिवाय काही बदलू नये म्हणून. आणि ब्राउझर आपला आपण अपडेट होतो!

पॅकमनवाला: ब्राउझर जुना ठेवून बँकेचे व्यवहार करणार का?

डेबवाली: जुना ठेवा असं कोण म्हणतंय? सिक्युरिटी अपडेट एपीटीनेही येतातच. कधी घ्यायचं ते मी ठरवणार. उबुंटूवरच बेतलेल्या मिंटने २०२० मध्ये स्नॅपडी (स्नॅप चालवणारा प्रोग्राम) अडवलं ते योग्यच केलं.

रूटधारी: अडवलं म्हणून क्रोमियमची पॅकेजं मिंटला स्वतः बांधावी लागली, ते कष्ट कोणाचे? फुकट वापरायचं आणि वर शिव्या!

डेबवाली: शिव्या कुठे दिल्या? नीट वाचा.

मध्यरात्र: मूळ मुद्द्यावर या. नवा लॅपटॉप घेतला तेव्हा स्टेबलच्या कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) वायफाय कार्डच ओळखेना. रोलिंग टाकलं, लगेच चाललं. त्याच रोलिंगवर प्रबंध जमा करायच्या आदल्या रात्री अपडेटनंतर काळी स्क्रीन. स्नॅपशॉट, म्हणजे अपडेटच्या आधीच्या सिस्टमची जपलेली प्रत, होता म्हणून मागे जाता आलं. स्नॅपशॉटशिवाय रोलिंग सुचवणाऱ्यांचा मला राग येतो.

पॅकमनवाला: स्नॅपशॉट हवाच, एवढं मान्य. सर्व्हरवर स्टेबल ठेवा, तेही मान्य. डेस्कटॉपवर मात्र स्टेबलमधल्या दोन वर्षं जुन्या आवृत्तीतल्या बगचा रिपोर्ट दिला की डेव्हलपर ‘नव्या आवृत्तीत सुटलाय’ म्हणून बंद करतो, त्याचं काय करू?

कर्नलकाका: बॅकपोर्ट्स रेपो वापरा, स्टेबलसाठी नव्या आवृत्त्या तिथे मिळतात.

पॅकमनवाला: त्यात ते पॅकेज नाही. शोधूनच बोलतोय.