बेरोजगारीचा दर पुरेसा नाही
उपनगर निवडताना घरभाडे आणि बेरोजगारीचा दर पाहिला की पुरे, हे मत मला अर्धेच पटते, कारण रोजगार किती उद्योगांत विभागलेला आहे हे त्या दरातून कळत नाही. अमेरिकेतील फ्लिंट हे शहर मोटार उद्योगावर उभे राहिले. १९६० साली सुमारे १,९७,००० असलेली त्याची लोकसंख्या, कारखाने बंद होत गेले तसतशी घटत २०२० पर्यंत सुमारे ८१,००० वर आली. अशा ठिकाणी नोकरी जाते त्याच सुमारास घराची किंमतही पडते, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही.

मी स्थलांतरापूर्वी महिनाभर, जिथे जायचे असेल तिथल्या नोकरीच्या जाहिराती वाचून, माझ्या कामासाठी माणसे शोधणाऱ्या कंपन्यांची नावे वहीत टिपतो. मागच्या खेपेस महिनाअखेरीला वहीत एकच नाव होते. तो बेत मी सोडला.