जुने फिल्म कॅमेरे : रोल भरण्याआधी काय काय तपासायचं? (ट्रिप ३५, केबी१०, म्यू झूम)

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात एकगठ्ठा तीन कॅमेरे मिळालेत, त्यांची अवस्था अशी आहे :

ऑलिम्पस ट्रिप ३५ : मागचं झाकण उघडलं की काळा चिकट चिखल बोटाला लागतो. पुढच्या भिंगाच्या कडेला आतून कोळिष्टकासारखे धागे दिसतात.

कोडॅक केबी१० : बटण दाबलं तर काहीच होत नाही. सेलच्या कप्प्यात हिरवट-पांढरी भुकटी आहे.

ऑलिम्पस म्यू झूम : सेल नाही, त्यामुळे चालतो की नाही ते कळत नाही. बाहेरून स्वच्छ आहे.

रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून आता जो खर्च येतो, तो बघता आंधळेपणाने रोल घालायचा नाही. आधी काय तपासू? पहिला रोल कशात घालू? आणि जून तोंडावर आलाय, पावसाळ्यात हे ठेवायचे कसे?

काळीलोकर

ट्रिपपासून सुरू करा, तिघांत तोच जास्त वर्षं साथ देईल. १९६७ ते १९८४ एवढा काळ तो बनत होता आणि त्याला सेल लागतच नाही. भिंगाभोवतीची जी खडबडीत बुडबुड्यांची काच आहे, तिच्यामागे सेलेनियमचा पट्टा असतो. उजेड पडला की तोच वीज तयार करतो आणि तीच मीटरची (उजेड मोजणाऱ्या यंत्राची) सुई हलवते.

तपासणी : भिंगावरची रिंग ‘ए’वर (म्हणजे ऑटोवर) ठेवा, रोल पुढे सरकवायचं चाक फिरवा आणि भिंगाभोवतीची काच तळहाताने पूर्ण झाकून बटण दाबा. बघायच्या खिडकीत लाल पट्टी वर यायला हवी आणि बटण अडायला हवं. मग कॅमेरा उन्हाच्या दिशेने धरून दाबा. पट्टी येता कामा नये, शटर सुटलं पाहिजे. आता मागचं झाकण उघडं ठेवून उजळ भिंतीकडे बघत आधी आयएसओ (फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा) २५ वर दाबा, नंतर ४०० वर. ४०० ला मधलं छिद्र स्पष्टपणे बारीक झालं पाहिजे. दोन्ही वेळा सारखंच दिसलं तर सेलेनियम मेलंय किंवा छिद्राची पाती चिकटलीत. ‘ए’वाली रिंग हाताने २.८ (मोठं छिद्र) वरून २२ (बारीक छिद्र) वर फिरवून दाबा. तिथे छिद्र नीट बदलत असेल तर पाती ठीक आहेत, दोष मीटरमध्ये आहे.

तो काळा चिखल म्हणजे झाकणाच्या खाचेतला जुना फोम. वर्षांनी त्याचं डांबर होतं. हा काढताना लोक घाई करतात आणि कण शटरच्या पात्यांवर पडतात, मग पाती चिकटतात. आधी फिल्मच्या चौकटीवर कागद ठेवून कडेने हलकी टेप लावा. कॅमेरा असा धरा की उघडी बाजू जमिनीकडे राहील, म्हणजे सुटलेला कण बाहेरच पडेल. लाकडी टूथपिकने खरवडा, धातूचं काही वापरू नका. उरलेला चिकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापूसकाडीने काढा. थिनर आणि अॅसिटोन लांब ठेवा, प्लास्टिक आणि रंग दोन्ही विरघळतात.

नवीन फोम वरखाली असलेल्या लांब खाचांत घालूच नका. तिथे विणकामाची काळी लोकर बसवा, महाद्वार रोडवर कुठल्याही लोकरीच्या दुकानात मिळते. खाचेत चिकटवायच्या द्रावणाचे दोन-तीन ठिपके, त्यावर लोकर, टूथपिकने दाबत जायचं. बिजागरीच्या बाजूला मात्र मऊ फोमच हवा, साधारण २ मिमी. शाळेच्या हस्तकलेचा रंगीत-काळा फोम घेऊ नका. तो कडक असतो, झाकण ताणलं जातं आणि कुलूप नीट बसत नाही.

आतले धागे ही बुरशी आहे. कडेलाच असतील तर फोटोत दिसणार नाहीत, फार तर उजेडाकडे तोंड करून काढलेला फोटो फिकट येईल. मागून मोबाईलचा टॉर्च मारून बघा, भिंगाच्या मध्यभागापर्यंत गेली असेल तरच उघडायचा विचार करा. उघडताना पुढचं भिंग ज्या जागेवरून सुटतं ती जागा पेन्सिलीने खूण करून ठेवली नाही, तर फोकस बिघडतो. माझं मत, पहिला रोल होईपर्यंत हात लावू नका.

उद्यमनगर_लेथ

केबी१० मेलेला नसावा. अशा प्लास्टिकच्या कॅमेऱ्यांत शटर फिल्मच्या भोकांत अडकणाऱ्या दातेरी चक्रावर चढतं. रोल नसेल तर नुसतं चाक फिरवून बटण दाबलं की काहीच होत नाही, आणि विकणारा-घेणारा दोघंही तो भंगार समजतात. झाकण उघडून आतलं दातेरी चक्र बोटाने फिल्म जाते त्या दिशेला फिरवा, ‘टक’ करून अडलं की बटण दाबा. शटर सुटायला हवं. सेल फक्त फ्लॅशला लागतात.

भुकटीचं सांगतो. अल्कलाइन सेल गळल्यावर जे येतं ते क्षारीय असतं, म्हणून पांढरा व्हिनेगर कापूसकाडीवर घेऊन पुसायचं. फेस थांबला की पाण्याने ओलसर काडी, मग अल्कोहोल, मग पूर्ण सुकू द्या. पट्टी हिरवी राहिली तर बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने.

पण केबी१० किंवा म्यू झूम स्क्रू काढून उघडू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) ३०० व्होल्टच्या आसपास भार असतो आणि सेल काढल्यावरही तो बराच वेळ टिकतो. कॅमेरा लहान म्हणून झटका लहान नसतो.

म्यू झूमला ३ व्होल्टचा सीआर१२३ए लागतो. त्याच आकाराचा चार्ज होणारा सेल मिळतो, तो पूर्ण भरल्यावर ४ व्होल्टच्या वर जातो, तो घालू नका. सेल घातल्यावर पुढचं सरकतं झाकण उघडा, झूम आत-बाहेर करा, बटण अर्धं दाबून हिरवा दिवा येतो का बघा. कुठलाही वाया गेलेला रोल घालून मोटर फिल्म ओढते का आणि शेवटी परत गुंडाळते का, हे बघितल्याशिवाय नवा रोल नको. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. झूम पूर्ण बाहेर काढला की भिंग फार अंधारं होतं, तिथे ४०० चीच फिल्म घाला. आणि दर वेळी चालू केला की फ्लॅश परत ‘ऑटो’वर जातो, रंकाळ्यावर संध्याकाळी काढायचं असेल तर तो प्रत्येक वेळी बंद करावा लागेल.

पुढे कधी १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालणारा कॅमेरा हाताला लागला, उदाहरणार्थ कॅनोनेट, तर साधा १.५ व्होल्टचा सेल घालू नका. मीटर जास्त उजेड दाखवतो आणि फोटो काळे येतात. कानाच्या मशीनचा ६७५ नंबरचा सेल १.४ व्होल्टचा असतो, तो चालतो. त्याचा व्यास साडेअकरा मिमी आणि जुन्याचा साडेपंधरा, म्हणून भोवती पितळी रिंग लागते. उद्यमनगरात कुठल्याही लेथवर करून मिळेल. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, तिथे एवढं काम अवघड नाही. रिंगने सेलची हवेची भोकं झाकायची नाहीत, आणि स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मग सेल बसवायचा. स्टिकर एकदा काढला की तो एक-दोन महिन्यांतच संपतो, कॅमेरा वापरा वा न वापरा.

पन्हाळा_धुकं

वर सेलेनियमबद्दल नीट सांगितलंय, एक भर घालतो कारण इथे बरेच जण उलटं समजतात. सेलेनियम थकलं की फोटो काळे येत नाहीत, जास्त उजळ येतात. वीज कमी मिळते, कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो छिद्र मोठं ठेवतो. लाल पट्टीही भरपूर उजेडात लवकर येते. तसं असेल तर २०० ची फिल्म घालून आयएसओची रिंग ४०० वर ठेवा. रंगीत निगेटिव्ह एक स्टॉप जास्त (म्हणजे दुप्पट) उजेड सहज झेलते, कमी उजेड मात्र नाही. शंका असेल तेव्हा जास्तीच्या बाजूला चुका.

आणखी एक, ‘ए’वर शटर १/२०० किंवा १/४० असतं. रिंग ‘ए’वरून काढून आकड्यावर नेली की ते १/४० च होतं, कारण ते आकडे फ्लॅशसाठी आहेत. उन्हात हौसेने ११ वर ठेवलं तर फोटो हलतात आणि लोक भिंगाला दोष देतात.

काळीपांढरी

पहिला रोल ट्रिपमध्येच घाला, आणि तो फोटोंसाठी नाही तर कॅमेरा वाचण्यासाठी घाला. वहीत प्रत्येक फ्रेमचं लिहा : ऊन की सावली, फोकसचं चिन्ह कुठलं (एक माणूस म्हणजे १ मीटर, दोघं म्हणजे दीड, घोळका म्हणजे ३, डोंगर म्हणजे अनंत), अंतर पावलांनी. रोल भरल्यावर चाक फिरवताना डाव्या बाजूची गुंडाळायची खुंटी उलटी फिरते का बघा. ती फिरत नसेल तर फिल्म सरकतच नाही आणि ३६ फोटो हवेत जातात.

धुऊन आल्यावर स्कॅन बघू नका, आधी निगेटिव्ह खिडकीसमोर धरा. उजेडाचा पट्टा भोकांच्या रांगेपर्यंत गेला असेल तर गळती मागच्या झाकणातून आहे, म्हणजे फोमचं काम परत. पट्टा फ्रेमच्या चौकटीत थांबला असेल तर उजेड भिंगा-शटरकडून येतोय. रंगीत फोटोत मागून आलेली गळती नारिंगी-लाल दिसते, कारण पाठीकडून येणारा उजेड आधी लाल रंगाच्या थराला लागतो. आणि चित्र फिल्मवर उलटं पडतं, तेव्हा फोटोच्या खालच्या कडेचा डाग म्हणजे कॅमेऱ्याची वरची खाच.

लॅबला देताना एकच विचारा : रंगीत रोल आठवड्याला किती धुता? मशीन रोज चालत नसेल तर रसायन जुनं असतं. त्यापेक्षा कुरियरने बाहेरगावी पाठवलेला बरा. काळी-पांढरी फिल्म तर घरी धुवा : चेंजिंग बॅग (हात घालायची अंधारी पिशवी), टाकी, डी-७६ (फिल्म धुण्याचं रसायन). एचपी५ या काळ्या-पांढऱ्या फिल्मला न पातळ केलेल्या डी-७६ मध्ये २०° ला साडेसात मिनिटं. एप्रिल-मेमध्ये नळाचं पाणीच ३०° च्या घरात असतं, त्यामुळे रसायनाची बाटली बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवा. २४° वर धुतलं तर साडेपाच मिनिटं पुरतात, त्याहून गरम नको. शेवटचं धुणं बॅटरीच्या दुकानातल्या डिस्टिल्ड पाण्यात, नाहीतर सुकल्यावर क्षारांचे ठिपके राहतात.

पावसाळ्यासाठी : चामड्याच्या केसमधून कॅमेरे काढा, चामडं ओल धरतं. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि लहान आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर परतून घ्या. कॅमेरे दोन आठवड्यांतून एकदा काढून शटर पाच-सहा वेळा उडवा. महिनाभर वापर नसेल तर सेल बाहेर.

रंकाळाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. केबी१०चं चक्र फिरवलं, शटर सुटलं! ट्रिपची लाल पट्टी नीट येते, छिद्रही बदलतं. लोकर उद्या. एक शेवटचं विचारतो : ट्रिपमध्ये रोल संपल्यावर चाक अडलं की जोर लावायचा का?

काळीलोकर

अजिबात नाही. जोर लावला की फिल्म डब्यातून सुटते, मग अंधारातच उघडावा लागतो. अडलं की थांबा, बुडावरचं छोटं बटण दाबा, खुंटीची घडी उघडून बाणाच्या दिशेने फिरवा. आधी ओढ जाणवेल, मग एक झटका बसून हात मोकळा होईल. त्यानंतरही आणखी चार-पाच वेढे फिरवा आणि मगच झाकण उघडा.