जो हलत नाही तो प्राणीच नाही म्हणे!

सागरगोटा: काल इथे कोणीतरी ठोकून दिलं की चालतो-फिरतो तोच खरा प्राणी, एका जागी चिकटलेले सगळे मागे पडलेले. डोकं फिरलं म्हणून वेगळा धागा काढतोय. स्पंज, प्रवाळ, कालवं, बार्नेकल (खडकाला चिकटलेले छोटे कवचवाले प्राणी) बसून राहतात कारण खाणं पाण्यासोबत त्यांच्याकडे येतं. हवेत इतकं खाणं तरंगत नसतं, म्हणून जमिनीवर असे प्राणी जवळपास नाहीतच. आणि स्पंज बाहेरून ढिम्म दिसला तरी आत बारीक शेपट्या सतत हलवून पाणी ओढत असतो.

तिरकमकाट: "कोणीतरी" कशाला, मीच लिहिलं होतं. हालचाल सुटली की मेंदू सुटतो. सी-स्क्वर्ट म्हणजे समुद्रातला पिशवीसारखा प्राणी, त्याचं पिल्लू शेपटी हलवत पोहतं आणि एकदा खडकाला चिकटलं की स्वतःचा मेंदू खातं. ही प्रगती का?

सागरगोटा: अर्धवट ऐकीव माहिती! पिल्लाची शेपटी न् चेतातंतूंचा गोळा शरीरात जिरतो हे खरं, पण मोठेपणी नवा गोळा तयार होतो, तो सोयीने गाळलात.

मधली_सुट्टी: पाचवीत मी स्पंज प्राण्यांत लिहिला तर बाईंनी लाल फुली मारली, "हलतो का तो?" म्हणून सगळ्या वर्गासमोर विचारलं. अजून आठवतं. ही व्याख्या पोरांच्या माथी मारणं आधी थांबवा.

तिरकमकाट: लहान पोरांना काहीतरी सोपं सांगावंच लागतं, बाईंना कशाला बोल लावता?

मधली_सुट्टी: सोपं सांगा, चुकीचं नको! लाजेने नंतर दोन वर्षं वर्गात हात वर केला नाही मी. तुम्हाला काय कळणार.

सागरगोटा: अहो शाळेचा वेगळा धागा काढा ना.

मधली_सुट्टी: का? मुद्दा तोच आहे. हलणं म्हणजे फक्त पाय टाकणं असं शिकवल्यामुळेच इथे असली मतं येतात.

खडपी: ओहोटीला खडकावर बसून बार्नेकल बघा कधी. मी भरती चढेपर्यंत बसले होते. कोरडे असताना दगडासारखे घट्ट मिटलेले, पाणी वर आलं तशी झाकणं उघडली आणि पिसांसारखे पाय बाहेर, मूठ उघडावी-मिटावी तसे, एका लयीत. त्याचं पिल्लू आधी खडकावर चालून जागा चाचपतं न् मग डोक्याकडून कायमचं चिकटतं, म्हणजे पाय खाणं ओढायला मोकळे. डार्विन १८४६ ते १८५४ यांच्यावरच काम करत होता, उगाच नाही.

तिरकमकाट: बरं, "मागे पडलेले" मागे घेतो. पण शत्रू आला तर पळता येत नाही, हा तोटा तरी माना.

सागरगोटा: मानला. म्हणून तर कुणाला कवच, कुणाला विष. आणि जोडीदारही शोधता येत नाही, बहुतेक प्रवाळांना अंडी न् शुक्राणू पाण्यातच सोडावे लागतात.

मधली_सुट्टी: फुलीचं कोणीच काही बोललं नाही.

तिरकमकाट: फुली चुकीचीच होती. बाईंना मात्र दोष देणार नाही.